ऊर्जासंशोधनातील भागीदारी आणि प्रश्न निवडण्याचा अधिकार

विद्यापीठे आणि उद्योगसंस्था यांनी ऊर्जा व पर्यावरण या विषयांत एकत्र येऊन संशोधन करावे, हा विचार आता नवा राहिलेला नाही. अमेरिकेत तर गेल्या पाव शतकात तो विद्यापीठीय जीवनाचा एक रूढ भाग होऊन बसला आहे. आणि आपल्याकडेही शासकीय धोरणांतून त्याचा पुरस्कार वाढत्या उत्साहाने होत आहे. या विषयावर जे लेखन होते त्याचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. एका वर्गातील लेखक असे मानतात की, संशोधकाची सचोटी शाबूत असेल तर पैसा कोठून आला याची चौकशी करण्याचे कारण नाही. दुसऱ्या वर्गातील लेखक ‘ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी’ या म्हणीवर सारा भार टाकतात, आणि उद्योगाच्या पैशाने झालेले संशोधन हे विकले गेलेले संशोधन होय, असा निर्णय देऊन मोकळे होतात.

प्रस्तुत लेखकाच्या मते हे दोन्ही पक्ष एकाच ठिकाणी अडखळतात. दोघांचीही दृष्टी संशोधनाच्या उत्तरावर खिळलेली आहे. उत्तर प्रामाणिक आहे की नाही, एवढाच त्यांच्यातील वाद आहे. परंतु खोटे उत्तर पकडण्याची रीत विज्ञानाला चांगली अवगत आहे. एकाने केलेला प्रयोग दुसरा करून पाहतो, आणि आज ना उद्या लबाडी उघडकीस येते. याच्या उलट, जो प्रश्न कोणी विचारलाच नाही त्याची उणीव कोणत्याही प्रयोगशाळेत आपोआप दिसून येत नाही. टाळी कोणी वाजविली हे सर्वांना दिसते. भजन कोणते लावावयाचे हे कोणी ठरविले, ते मात्र सभामंडपात बसलेल्याला कळत नाही. यास्तव विद्यापीठ आणि उद्योग यांच्या सहकार्याची खरी कसोटी प्रश्नाच्या निवडीत आहे. या कसोटीवर काही प्रत्यक्ष करार घासून पाहावे आणि त्यांतून आपल्याला काही बोध घेता येतो काय याचा विचार करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१

प्रथम ‘भागीदारी’ या शब्दाचाच विचार केला पाहिजे. हा शब्द व्यापारातला आहे, आणि व्यापारात त्याला निश्चित अर्थ आहे. भागीदार भांडवल घालतात, जोखीम वाटून घेतात आणि नफ्यातोट्याचे समान किंवा ठरल्या प्रमाणात धनी होतात. विद्यापीठ व तेलकंपनी यांच्या करारास हा शब्द लावताना दोघांचे भांडवल कोणते हे विचारावयास हवे. कंपनीचे भांडवल पैसा हे होय. विद्यापीठाचे भांडवल म्हणजे त्याच्या प्रयोगशाळा, त्याचे विद्यार्थी, अध्यापकांचा वेळ आणि या सर्वांहून मोलाचे म्हणजे त्याचे नाव. पैसा परत मिळविता येतो. नाव एकदा खर्ची पडले तर ते भरून येण्यास पिढ्या लागतात. तेव्हा दोघांची जोखीम एका जातीची नाही, आणि म्हणून दोघांच्या अधिकारांची वाटणी केवळ रकमेच्या प्रमाणात करणे न्याय्य ठरत नाही.

आपल्याकडे वाट्याने शेत कसण्याची जुनी पद्धत आहे. तीत धान्याची वाटणी कशी करावयाची याविषयी तंटे होत. परंतु बी-बियाणे आणि उचल देणारा सावकार जेव्हा पीकही आपणच ठरवू लागे, तेव्हा कसणाऱ्याच्या हाती वाटा राहूनही शेत त्याचे राहत नसे. विद्यापीठांच्या करारांत पेटंट कोणाचे व लाभांश किती यावर पुष्कळ खल झालेला आढळतो. तो धान्याच्या वाटणीचा तंटा आहे. पीक कोणी ठरवावे याविषयीची कलमे त्या मानाने कमी वाचली जातात.

२

ही परिस्थिती कशी निर्माण झाली हे थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. १९४५ साली व्हॅनेव्हार बुश यांनी अमेरिकेच्या अध्यक्षांस सादर केलेल्या प्रसिद्ध अहवालात मूलभूत संशोधनाचा भार शासनाने उचलावा व विषयाची निवड संशोधकांवर सोपवावी, असे तत्त्व मांडलेले होते. व्यवहारात ते पूर्णपणे कधीच पाळले गेले नाही. तथापि एक आदर्श म्हणून त्याचा प्रभाव मोठा होता. १९७३ च्या तेलसंकटानंतर ऊर्जासंशोधनावरील अमेरिकी शासनाचा खर्च झपाट्याने वाढला, आणि १९८० नंतर राजकीय धोरण बदलताच व तेल स्वस्त होऊ लागताच तो तितक्याच झपाट्याने उतरला. त्याच १९८० साली संमत झालेल्या बाय-डोल कायद्याने शासकीय पैशातून झालेल्या शोधांची पेटंटे स्वतःकडे ठेवण्याची मुभा विद्यापीठांना दिली. एकीकडे शासनाचा हात आखडला आणि दुसरीकडे ज्ञानाचे रूपांतर मालमत्तेत करण्याचा मार्ग मोकळा झाला. अशा वेळी विद्यापीठांनी उद्योगांकडे वळावे यात नवल नव्हते.

या वळणावरचा एक महत्त्वाचा टप्पा १९९८ चा होय. त्या वर्षी बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या वनस्पती व सूक्ष्मजीवशास्त्र विभागाने नोव्हार्टिस कंपनीच्या कृषिसंशोधन शाखेशी पाच वर्षांचा करार केला. कंपनीने २ कोटी ५० लाख डॉलर द्यावयाचे. विभागातील सुमारे एकतृतीयांश शोधांच्या परवान्याविषयी बोलणी करण्याचा पहिला अधिकार तिला मिळावयाचा. आणि निधीचे वाटप करणाऱ्या समितीतील पाचांपैकी दोन जागा तिच्या असावयाच्या, असे त्याचे स्वरूप होते. एका प्राध्यापकाने किंवा एका प्रयोगशाळेने उद्योगाचे साहाय्य घेणे निराळे आणि संपूर्ण विभागाने करारबद्ध होणे निराळे. मिशिगन राज्य विद्यापीठातील लॉरेन्स बुश व त्यांचे सहकारी यांनी या कराराचे जे बाह्य परीक्षण केले, ते २००४ साली प्रसिद्ध झाले. त्याचा निष्कर्ष समतोल होता. विरोधकांनी वर्तविलेले अनर्थ घडले नाहीत आणि समर्थकांनी वर्तविलेले लाभही झाले नाहीत. तथापि समग्र विभागाला बांधून घेणारे असे करार विद्यापीठांनी टाळावेत, अशी शिफारस त्यात होती. हा अहवाल प्रसिद्ध होऊन तीन वर्षे होतात न होतात तोच त्याच विद्यापीठाने याहून वीसपट रकमेचा करार केला.

३

जून २००६ मध्ये बीपी या ब्रिटिश तेलकंपनीने जाहीर केले की, ऊर्जेच्या उपयोगासाठी जीवशास्त्रीय संशोधन करणारी एक संस्था उभारण्याकरिता ती दहा वर्षांत ५० कोटी डॉलर खर्च करणार आहे. ही संस्था कोठे असावी याचा निर्णय तेव्हा झालेला नव्हता. १ फेब्रुवारी २००७ रोजी बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ, लॉरेन्स बर्कले राष्ट्रीय प्रयोगशाळा आणि इलिनॉय विद्यापीठ यांची निवड घोषित झाली, व त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात करारावर सह्या झाल्या. कालानुक्रम येथे महत्त्वाचा आहे. विषय, रक्कम आणि मुदत आधी ठरली. विद्यापीठ नंतर ठरले. संशोधकांच्या जिज्ञासेतून प्रश्न निर्माण झाला आणि त्याला कोणी आश्रयदाता भेटला, असा हा प्रकार नव्हता.

कराराची रचना लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. दरसालच्या ५ कोटी डॉलरांपैकी सुमारे ३ कोटी ५० लाख खुल्या, प्रसिद्ध होणाऱ्या संशोधनासाठी होते. उरलेले सुमारे १ कोटी ५० लाख कंपनीच्या स्वतःच्या संशोधकांनी विद्यापीठाच्या आवारात, परंतु बंद दाराआड करावयाच्या संशोधनासाठी होते. या दुसऱ्या भागातील निष्कर्ष प्रसिद्ध करण्याचे बंधन कंपनीवर नव्हते. नियामक मंडळात कंपनी आणि सार्वजनिक संस्था यांचे प्रतिनिधी समसमान होते. संचालक विद्यापीठाचा, तर सहयोगी संचालक कंपनीचा. इमारतीसाठी कॅलिफोर्निया राज्याने ४ कोटी डॉलर देऊ केले होते. म्हणजे बंद दाराच्या चौकटीलाही सार्वजनिक पैशाचा आधार होता.

संस्थेने केलेल्या कामाचे मोल नाकारण्याचा येथे हेतू नाही. मिस्कँथससारख्या उंच बहुवर्षायु गवतापासून इंधन कसे काढावे, वनस्पतींच्या पेशीभित्तिकेतील सेल्युलोज कोणत्या विकरांनी फोडावे, याविषयी तेथील संशोधकांनी विपुल आणि दर्जेदार लेखन प्रसिद्ध केले. जैवइंधनांच्या आर्थिक व पर्यावरणीय परिणामांचा अभ्यासही संस्थेच्या कार्यक्रमात होता. तरीही कार्यक्रमाच्या सीमांकडे पाहिले म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. शेतातून निघालेले पण द्रवरूप असलेले, टाक्यांत साठविता येणारे आणि सध्याच्याच पंपांवरून विकता येणारे इंधन, हे या संशोधनाचे केंद्र होते. त्याच्याच जोडीला जुन्या तेलविहिरींतून सूक्ष्मजीवांच्या साहाय्याने अधिक तेल कसे काढता येईल, हाही विषय आरंभापासून योजनेत समाविष्ट होता. मोटारीत इंधन कोणते घालावे हा प्रश्न तेथे होता. मोटारींची गरज कमी कशी करावी, वाहने विजेवर कशी चालवावी, हे प्रश्न त्या संस्थेच्या नावातच बसत नव्हते. कंपनीच्या दृष्टीने यात काहीच वावगे नाही. आपल्या व्यवसायाला उपयोगी पडेल असा प्रश्न तिने विचारला, आणि तो चांगला प्रश्न होता. आक्षेप आहे तो याला की, एका सार्वजनिक विद्यापीठाचे ऊर्जाविषयक चिंतन दहा वर्षांपुरते त्या एका प्रश्नाकडे कलते झाले, आणि हा कल म्हणजे जणू काही विज्ञानाचीच स्वाभाविक दिशा आहे, असे त्याचे वर्णन करण्यात आले.

जैवइंधनांविषयीचा सर्वात अडचणीचा प्रश्न त्याच काळात अन्यत्र उपस्थित झाला, ही गोष्ट या संदर्भात लक्षणीय आहे. फेब्रुवारी २००८ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाशी संबंधित टिमथी सर्चिंगर व त्यांचे सहकारी यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात असे प्रतिपादन केले की, मक्याचे पीक इंधनाकडे वळविल्यामुळे धान्यासाठी जगात इतरत्र जंगले व गवताळ माळ नांगराखाली येतात. ही गोष्ट हिशेबात धरली तर मक्याच्या इथेनॉलमुळे होणारे उत्सर्जन सुमारे २० टक्क्यांनी घटण्याऐवजी तीस वर्षांच्या काळात जवळजवळ दुप्पट होते. पुढील अभ्यासकांनी हा आकडा बराच खाली आणला, हे खरे आहे. परंतु त्यानंतर जमिनीचा हिशेब टाळून जैवइंधनाविषयी बोलणे कोणालाही शक्य राहिले नाही. कंपनीच्या पैशाने चाललेल्या संस्थेलाही या प्रश्नाची दखल घ्यावी लागली. प्रश्न बाहेरून आला म्हणून आत पोहोचला. बाहेर कोणीच उरले नसते तर तो आला असता काय, ही शंका सहजासहजी निरसन होणारी नाही.

४

अशा सहकार्यात प्रामाणिक उत्तरालाही कोणती किंमत मोजावी लागते, याचे उदाहरण २०१० मध्ये घडले. त्या वर्षीच्या २० एप्रिल रोजी मेक्सिकोच्या आखातात बीपीसाठी विहीर खणणाऱ्या ‘डीपवॉटर होरायझन’ या तरत्या मंचावर स्फोट झाला, अकरा माणसे मृत्युमुखी पडली आणि विहिरीतून सुमारे तीन महिने तेल समुद्रात वाहत राहिले. खोल पाण्यात पसरलेल्या या तेलाचे पुढे काय होते, हा त्या उन्हाळ्यातील सर्वात निकडीचा पर्यावरणीय प्रश्न होता. ऑगस्टमध्ये ‘सायन्स’ने त्यावरील दोन शोधनिबंध काही दिवसांच्या अंतराने प्रसिद्ध केले. वुड्‌स होल येथील संशोधकांना सुमारे ११०० मीटर खोलीवर ३५ किलोमीटरहून अधिक लांबीचा तेलाचा पट्टा आढळला होता, आणि तेथे सूक्ष्मजीवांकडून तेलाचे विघटन मंद गतीने होत असल्याची चिन्हे त्यांना दिसली होती. लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेतील टेरी हेझन व त्यांचे सहकारी यांना मात्र तेल खाणारे जिवाणू अपेक्षेपेक्षा त्वरेने काम करीत असल्याचे आढळले. या दुसऱ्या अभ्यासाला बीपीच्या पैशाने चालणाऱ्या त्याच संस्थेचे साहाय्य होते.

हेझन यांनी हे साहाय्य निबंधात उघडपणे नमूद केले होते. निबंध तज्ज्ञपरीक्षणातून गेलेला होता, आणि सूक्ष्मजीवांनी तेलाच्या विघटनात मोठा वाटा उचलला या मताला पुढे इतरांच्या संशोधनातूनही आधार मिळाला. असे असूनही या निष्कर्षाच्या पाठोपाठ संशयाची सावली फिरत राहिली. ज्या कंपनीमुळे तेल सांडले तिच्याच पैशाने चाललेल्या संशोधनातून तेल लवकर नाहीसे होत असल्याची वार्ता यावी, हा योग वाचकाला स्वस्थ बसू देणारा नव्हता. येथे दोष संशोधकाचा नाही. कराराने त्याला अशा जागी उभे केले होते की, खरे बोलूनही त्याचे बोलणे पूर्ण मोलाने घेतले जाऊ नये. प्रथम परिच्छेदात उल्लेखिलेल्या पहिल्या पक्षाला येथे उत्तर मिळते. संशोधकाची सचोटी पुरेशी नसते. समाजाला ती ओळखता येईल अशी व्यवस्थाही असावी लागते. संकटाच्या वेळी समाज विद्यापीठाकडे वळतो तो ते तिऱ्हाईत आहे म्हणून. हे तिऱ्हाईतपण हेच विद्यापीठाने भागीदारीत घातलेले भांडवल होय, आणि नेमके तेच येथे खर्ची पडले.

५

भागीदाराच्या निघून जाण्याचाही विचार केला पाहिजे. बीपीने २०१२ मध्ये फ्लॉरिडातील आपला नियोजित सेल्युलोज-इथेनॉलचा कारखाना रद्द केला, दोन वर्षांनी त्या व्यवसायातूनच अंग काढून घेतले, आणि दशक पूर्ण होण्यापूर्वीच बर्कलेच्या संस्थेचे अर्थसाहाय्य कमी केले. २०१७ साली त्या संस्थेला शेल या दुसऱ्या तेलकंपनीचा आधार मिळाला. बाजाराचे वारे बदलले म्हणजे कंपनीने दिशा बदलावी, हा तिचा व्यवसायधर्मच आहे. परंतु पदवीसाठी पाच-सहा वर्षे एका विषयाला वाहिलेल्या विद्यार्थ्याला असे वळता येत नाही, आणि विषयालाही येत नाही.

याहून जुने व अधिक बोलके उदाहरण तेलवाहू जहाजाचे आहे. १९७९ साली एक्झॉन कंपनीने कोलंबिया विद्यापीठाच्या लॅमॉन्ट-डोहर्टी वेधशाळेच्या सहकार्याने आपल्या ‘एसो अटलांटिक’ या प्रचंड जहाजावर उपकरणे बसविली. मेक्सिकोच्या आखातापासून इराणच्या आखातापर्यंत ये-जा करताना हवेतील व समुद्राच्या पृष्ठभागावरील पाण्यातील कार्बन डायॉक्साइड मोजावयाचा, आणि इंधनाच्या ज्वलनातून निघणारा हा वायू समुद्र किती शोषून घेतो हे पाहावयाचे, असा तो उपक्रम होता. तेलकंपनीचे जहाज आणि विद्यापीठाचे शास्त्रज्ञ यांचा याहून उचित संयोग कल्पिणे कठीण आहे. विद्यापीठाला असे जहाज लाभणे शक्य नव्हते. कंपनीकडे असे शास्त्रज्ञ नव्हते. आणि प्रश्न सर्व मानवजातीच्या हिताचा होता. १९८२ च्या सुमारास तेलाचे भाव पडू लागले, खर्चाला कात्री लागली आणि हे काम थांबले.

पुढील इतिहास सर्वश्रुत आहे. कंपनीच्या शास्त्रज्ञांनी स्वतः व विद्यापीठीय सहकाऱ्यांसह हवामानाची गणिते पुढेही मांडली. २०२३ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षणानुसार १९७७ ते २००३ या काळात त्यांनी केलेल्या तापमानवाढीच्या भाकितांपैकी ६३ ते ८३ टक्के भाकिते प्रत्यक्ष वाढीशी जुळणारी ठरली. याच कालखंडात कंपनीचा जाहीर सूर मात्र, हवामानाचे शास्त्र अनिश्चित आहे, असा राहिला. म्हणजे उत्तरे बिनचूक होती. ती असूनही समाजाच्या उपयोगी वेळेवर पडली नाहीत. ज्ञान असणे आणि ज्ञान सार्वजनिक असणे यांतील अंतर किती दूरवर पोहोचते, याचे याहून स्पष्ट उदाहरण देता येणार नाही. हे अंतर नाहीसे करणे हेच विद्यापीठाचे प्रयोजन आहे. आणि त्या प्रयोजनाशी विसंगत असलेले कलम, त्यासोबत कितीही रक्कम आली तरी, विद्यापीठाने स्वीकारणे म्हणजे आपल्या अस्तित्वाचे कारणच गहाण टाकणे होय.

६

या विवेचनावर काही आक्षेप संभवतात व त्यांची दखल घेणे अवश्य आहे.

पहिला आक्षेप असा की, शासनाचा पैसा तरी निरपेक्ष कोठे असतो? शासनही प्रश्न निवडते. युद्धखात्याच्या पैशाने अमेरिकेतील कितीतरी विद्याशाखा पोसल्या गेल्या. हा आक्षेप खरा आहे. परंतु शासनाच्या निवडीला लोकसभेत जाब विचारता येतो, अंदाजपत्रकावर चर्चा होते, आणि मत बदलले की धोरण बदलता येते. कंपनीच्या संचालकमंडळाला असा जाब विचारण्याचा अधिकार नागरिकाला नाही. दोन्ही आश्रयदाते सापेक्ष आहेत म्हणून ते सारखे आहेत, असे होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. उद्योगाच्या साहाय्याने उत्तम आणि व्यापक प्रश्नही विचारले गेले आहेत. प्रिन्स्टन विद्यापीठात २००० साली बीपीच्या अर्थसाहाय्याने सुरू झालेल्या कार्बनविषयक उपक्रमातून स्टीफन पकाला व रॉबर्ट सोकोलो यांचा २००४ चा विख्यात निबंध निर्माण झाला. पन्नास वर्षांत उत्सर्जन स्थिर ठेवावयाचे तर प्रत्येकी दरसाल १ अब्ज टन कार्बन वाचविणारे सात उपाय हवेत, असे सांगून त्यांनी पंधरा पर्याय समोर ठेवले. आणि त्यांत वाहनांचा वापर कमी करणे, वारा व सूर्य यांपासून वीज घेणे, जंगले राखणे हे सर्व काही होते. तेलकंपनीचा पैसा असूनही प्रश्न संकुचित झाला नाही, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. परंतु या उदाहरणाने आमच्या मताला बाध येत नाही. ते अधिकच दृढ होते. तेथे प्रश्न कोणी मांडला? संशोधकांनी. जेथे निवडीचा अधिकार संशोधकाकडे राहिला तेथे पैशाचे मूळ कमी बाधले. त्याच प्रिन्स्टनने सप्टेंबर २०२२ मध्ये एक्झॉनमोबिलसह नव्वद कंपन्यांशी आर्थिक संबंध तोडण्याचे ठरविले, यावरून विद्यापीठालाही आपला विवेक वेळोवेळी तपासून पाहावा लागतो, एवढे दिसते.

तिसरा आक्षेप करारांवर सारा भार देण्याला आहे. कारण करार नसतानाही हितसंबंध शिरकाव करतात. २०१२ मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या ऊर्जासंस्थेने शेल खडकातून वायू काढण्याच्या पद्धतीविषयी एक अहवाल प्रसिद्ध केला. त्या अभ्यासाचे प्रमुख एका वायुउत्पादक कंपनीच्या संचालकमंडळावर होते व ही गोष्ट अहवालात सांगितलेली नव्हती, असे काही महिन्यांनी उघडकीस आले. बाह्य तज्ज्ञसमितीने त्यावर कडक अभिप्राय दिला. या आक्षेपाला उत्तर एवढेच की, उघडपणा ही पहिली पायरी होय; ती नसेल तर पुढच्या पायऱ्यांची चर्चाच संभवत नाही. परंतु केवळ तेवढ्यावर थांबणेही योग्य नाही, हे हेझन यांच्या उदाहरणाने दाखवून दिले आहे.

७

करारांच्या प्रत्यक्ष कलमांचे पद्धतशीर परीक्षण फार थोड्यांनी केले आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये वॉशिंग्टन येथील ‘सेंटर फॉर अमेरिकन प्रोग्रेस’ या संस्थेने प्रसिद्ध केलेला, जेनिफर वॉशबर्न यांनी लिहिलेला अहवाल त्या दृष्टीने मोलाचा आहे. ही संस्था राजकीय दृष्ट्या तटस्थ नाही, हे वाचकाने ध्यानात ठेवावे; तथापि तिचे म्हणणे करारपत्रांच्या मजकुरावर आधारलेले आहे. दहा वर्षांत मिळून सुमारे ८३ कोटी डॉलरांच्या दहा ऊर्जासंशोधन-करारांची तीत छाननी केली आहे. दहांपैकी नऊ करारांत सर्वोच्च नियामक मंडळावर विद्यापीठाचे बहुमत नव्हते. आठ करारांनी संशोधनप्रस्तावांचे मूल्यमापन व निवड ही दोन्ही पूर्णपणे पैसे देणाऱ्या कंपन्यांच्या हाती जाऊ दिली होती. प्रस्ताव स्वतंत्र तज्ज्ञांकडून तपासून घेतलेच पाहिजेत, अशी अट एकाही करारात नव्हती.

हे वाचल्यावर दोष कंपन्यांना द्यावा की विद्यापीठांना, असा प्रश्न पडतो. आमच्या मते तो विद्यापीठांचा आहे. कंपनीने अधिकाधिक अधिकार मागावेत हे स्वाभाविक आहे. न मागती तर तिच्या भागधारकांनी तिला दोष दिला असता. परंतु आपल्याजवळ जे आहे त्याचे मोल विद्यापीठांनी ओळखले नाही. कंपनी विद्यापीठाकडे येते ती तेथील नाव व स्वातंत्र्य यांसाठी. ते स्वातंत्र्य करारातच देऊन टाकले तर तिने विकत घेतलेल्या वस्तूचा गाभा उरत नाही. म्हणून कठोर अटी घालणे हे दोघांच्याही हिताचे आहे.

आपल्या शास्त्रग्रंथांत पूर्वपक्ष मांडण्याची परंपरा आहे. स्वतःचा सिद्धान्त मांडण्यापूर्वी त्याच्याविरुद्ध जे जे म्हणता येईल ते सर्व पूर्ण सामर्थ्यानिशी मांडावयाचे, आणि मग त्याचे खंडन करावयाचे. ज्याने पूर्वपक्ष दुबळा मांडला त्याचा सिद्धान्तही दुबळा समजला जाई. हीच रीत करारांत आणता येईल. उद्योगाने दिलेल्या निधीचा ठराविक अंश, ज्या तंत्राचा अभ्यास चालला आहे त्याच्याच दोषांचा, पर्यायांचा व सामाजिक परिणामांचा शोध घेण्यासाठी राखून ठेवावा. आणि त्या अंशाच्या विनियोगात देणाऱ्याचा हात नसावा. याच्या जोडीला करार सही होण्यापूर्वी प्रसिद्ध व्हावा, निवडसमितीत अध्यापकांचे व बाहेरच्या तज्ज्ञांचे बहुमत असावे, प्रकाशनाला पेटंटसाठी लागेल तेवढाच मर्यादित विलंब चालावा, आणि कंपनी मध्येच निघून गेली तरी नोंदणी झालेल्या विद्यार्थ्यांचे काम पुरे होईल इतकी तरतूद असावी. या चार अटींत नवीन काही नाही. पूर्वपक्षाची अट मात्र पाळली गेल्याचे आमच्या पाहण्यात नाही, आणि प्रश्न निवडण्याच्या अधिकाराचे रक्षण तिच्यावाचून होणार नाही, असे आम्हांस वाटते.

८

हा विचार दूरदेशीचा म्हणून सोडून देता येणार नाही. २०१९ मध्ये भारत शासनाने कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचा निधी सार्वजनिक विद्यापीठांतील संशोधनाकडे वळविण्याची सोय केली. २०२३ च्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान कायद्याने पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपये उभारण्याचे योजिले असून त्यांपैकी सुमारे ३६,००० कोटी शासनेतर मार्गांनी, मुख्यतः उद्योगांकडून, यावेत अशी अपेक्षा आहे. ही अपेक्षा थोडीबहुत जरी सफल झाली, तरी आपल्या विद्यापीठांच्या कुलसचिवांपुढे ज्या प्रकारचे करारपत्र कधी आले नव्हते ते येणार आहे.

महाराष्ट्राला सहकार्याचा वारसा नाही असे मुळीच नाही. १९३३ साली मुंबई विद्यापीठाने वस्त्ररसायन व रासायनिक अभियांत्रिकी हे विषय घेऊन सुरू केलेला विभाग, आजची रसायन तंत्रज्ञान संस्था, मुंबईच्या कारखानदारीशी नित्य संबंध ठेवूनच वाढला. याच संस्थेच्या ऊर्जा-जैवविज्ञान केंद्रात, केंद्र शासनाच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने, पिकांच्या अवशेषांपासून इथेनॉल करण्याची पद्धत सिद्ध झाली, आणि २०१६ साली उत्तराखंडातील काशीपूर येथे इंडिया ग्लायकॉल्स या कंपनीच्या आवारात दररोज १० टन अवशेषांवर चालणारा प्रात्यक्षिक कारखाना उभा राहिला. बर्कलेतील संस्थेशी नाम व विषय यांचे साम्य असले तरी क्रम उलटा आहे. येथे प्रश्न सार्वजनिक पैशाने विचारला गेला, आणि उद्योग उत्तराच्या उपयोजनासाठी आला. हा क्रम प्रत्येक वेळी शक्य होणार नाही. परंतु तो शक्य आहे एवढे तरी या उदाहरणाने सिद्ध होते.

पुढील काळात कसोटी लागणार आहे ती उसाच्या व धान्याच्या इथेनॉलविषयी. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठले, आणि त्यात महाराष्ट्रातील साखरकारखान्यांचा वाटा मोठा आहे. एका टनातून अधिक इथेनॉल कसे निघेल, हा प्रश्न विचारण्यास आश्रयदात्यांची वाण पडणार नाही. त्या उसाला दुष्काळी तालुक्यांत किती पाणी लागले, मळीच्या सांडपाण्याने कोणत्या विहिरी बिघडल्या, मका इंधनाकडे वळल्याने कोंबडीच्या व जनावरांच्या खाद्याचे काय झाले, हे प्रश्न मात्र पैसे घेऊन कोणी दारी येणार नाही असे आहेत. ते विचारण्यासाठीच समाज विद्यापीठे चालवितो. उद्योगाशी हातमिळवणी अवश्य करावी. परंतु ती करताना हे प्रश्न विचारण्याची जागा करारपत्रातच राखून ठेवावी. तशी ती राखली नाही, तर पुढे कोणी ते विचारले नाहीत याबद्दल कंपन्यांना दोष देण्याचा अधिकार आपल्याकडे उरणार नाही.